धानाच्या देशात दहा दिवस: व्हिएतनाममध्ये आईबाबांसोबत खाल्लेलं, प्यायलेलं, पाहिलेलं

बांधीवाला | २८ सप्टेंबर २०२५, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी साकोलीकडचा. घरी सात एकर धान आणि गावात लहानशी राईस मिल. यंदा महालक्ष्म्या उठल्या आणि दुसऱ्याच दिवशी आई, बाबा, बायको आणि मी असे चौघं व्हिएतनामला निघालो. रोवणी आटपलेली, निंदण झालेलं, धान निसवायला अवकाश आणि मिलही बंद. वर्षातून एवढीच सवड मिळते आम्हाला. आल्यापासून बरेच जण फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून इथे एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एका टूरवाल्याकडे चौकशी केली होती. त्याच्या कागदावर आठही रात्री 'इंडियन डिनर'. मी म्हटलं, तिथलं जेवण एकदाही नाही? तो म्हणाला, "आपल्याकडची माणसं खातच नाहीत साहेब, शेवटी भांडणं होतात." मला ते फार लागलं. माझ्या बाबांनी जन्मभर तलावातली मासोळी खाल्ली, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (रानातल्या अळंब्या) खाल्ल्या, बांधावर उगवलेली भाजी खाल्ली. खाण्याजोगं काय आणि ते कसं शिजवायचं हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांना परक्या देशात नेऊन रोज पनीर बटर मसाला खाऊ घालायचा? तिथून उठून आलो आणि सगळं स्वतः ठरवलं.

ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. एकदा आत जायच्या व्हिसाचे माणशी २५ डॉलर, आणि ९० दिवसांपर्यंतचा मिळू शकतो. आम्ही गोंदियाहून हावड्याची गाडी धरली आणि कोलकात्याहून हनोईचं विमान. गाडीत अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस गेला, विमानाला मात्र जेमतेम अडीच तास लागले. आईला ते खरंच वाटेना. "एवढ्यात आलं?" असं दोनदा विचारलं तिनं.

विमानतळावरून शहरात जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूला धान. आमच्यासारख्याच बांध्या, तसेच बांध, पाणी खेळवलेलं. एक गोष्ट मात्र वेगळी दिसली. शेताच्या ऐन मधोमध थडगी. तिकडे उत्तरेत पूर्वजांना आपल्याच शेतात पुरायची रीत आहे, आणि धान त्यांच्या अवतीभवती वाढत असतं. बाबा काचेला नाक लावून बघत होते. आई म्हणाली, "मंग त हे रोज भेटत असतील आपल्या बुढ्याले." पुढे बराच वेळ गाडीत कोणी बोललं नाही.

आई माळकरी आहे, मांस-मासे-अंडं काही चालत नाही. बाबांना मासोळीशिवाय जेवण गोड लागत नाही. बायको सगळं खाते. म्हणजे एका टेबलावर तीन तऱ्हा. आईचं कसं जमवलं ते उद्या लिहितो, मिलवर उद्या मोटरवाला येणार आहे, लवकर उठायचं आहे.

---

वैनगंगाकाठ | २८ सप्टेंबर, रात्री १०:०२

भाऊ, लवकर लिहा. माझी आई पण माळकरी आहे आणि तिच्या जेवणापायीच आमचं सगळं अडलं आहे. तिकडे म्हणे पाण्यातसुद्धा माशाचा रस टाकतात?

---

मिरचीवाला | २९ सप्टेंबर, सकाळी ७:१५

मी भिवापूरचा, म्हणून पहिला प्रश्न तिखटाचा. तिकडचं जेवण फिक्कं असते असं आयकलं. सोबत तिखट-मीठ नेलं होतं का न्हाई? आमच्या घरी त ठेच्याशिवाय घास उतरत न्हाई.

---

बांधीवाला | २९ सप्टेंबर, रात्री ८:४५

@वैनगंगाकाठ, पाण्यात नाही, पण जवळपास सगळ्यात असतो. त्याला 'नुओक माम' म्हणतात. लहान मासे आणि मीठ थरावर थर रचून महिनोन्‌महिने मुरवतात, त्यातून जे गाळून निघतं ते. आपण मीठ घालतो तिथे ते हे घालतात. म्हणून नुसती भाजी दिसली तरी ती आपल्या अर्थानं शाकाहारी असेलच असं नाही. हे जायच्या आधीच माहीत असायला हवं.

पण त्याच देशात शाकाहाराची जुनी आणि पक्की रीतही आहे. शाकाहाराला त्यांचा शब्द 'चाय', म्हणजे उच्चार आपल्या चहासारखाच, आणि शाकाहार करणं म्हणजे 'आन चाय'. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथले पुष्कळ बौद्ध लोक मांस-मासे सोडतात. आपल्याकडे एकादशी पाळतात तसं. 'चाय' अशी पाटी लावलेली खास खानावळ हनोईत बरीच ठिकाणी आहे. तिथे नुओक माम नसतो, त्याऐवजी सोयाबीनचा रस असतो. आईनं तिथे वास्त्यांची भाजी खाल्ली, केळफुलाची कोशिंबीर खाल्ली आणि लसूण घालून परतलेली 'झाऊ मुओंग' खाल्ली. ती आली तेव्हा आईनं देठ उचलून बघितला, मधून पोकळ. म्हणाली, "हे त तलावातली नाळीची भाजी." तीच होती. आमच्याकडे गरिबाची म्हणून कोणी पाहुण्याला वाढत नाही. तिकडे लग्नाच्या जेवणातही चालते म्हणे.

आता एक चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. निन्ह बिन्हला गेलो तेव्हा मी मोठ्या विश्वासानं 'कम चाय' मागितलं. कम म्हणजे भात, चाय म्हणजे शाकाहारी. समोर आली भाताची कुरकुरीत वडी आणि बाजूला बोकडाचा रस्सा! त्यांच्या भाषेत सूर वर चढवला की 'चाय'चा अर्थ होतो करपलेलं, आणि 'करपलेला भात' ही तर त्या गावची खासियत, तिथल्या डोंगरी बोकडाच्या रश्श्यासोबत खातात. माझा सूर चढला असणार. मालकीणबाईंनी आईच्या गळ्यातली माळ पाहिली, माझ्या फोनवरचं लिहिलेलं वाचलं आणि रस्सा उचलून नेला. परत येताना कुटलेले शेंगदाणे-तीळ-मीठ घेऊन आल्या. आईनं वडी मोडली. "खरवड होय ना हे." गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाशी लागलेला भात, लहानपणी ज्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो, तोच इथे वाळवून, तळून ताटात मानानं ठेवलेला. आईनं दोन वड्या खाल्ल्या, शेंगदाणा-तिळाच्या कुटाबरोबर. म्हणून सांगतो, तोंडी सांगू नका. 'मी शाकाहारी, मासा नाही, माशाचा रस नाही, अंडं नाही' हे त्यांच्या लिपीत लिहून घ्या आणि कागद दाखवा.

@मिरचीवाला, भिवापुरी तिखटाची एक पुडी नेली होती, अर्धी परत आली. टेबलावर मिरचीच्या चकत्या, लिंबू आणि व्हिनेगरमधला लसूण असतोच, आपापल्या हातानं घालून घ्यायचं. पपनस, पेरू, कच्चा आंबा हे तिखट-मिठात बुडवून खातात. बाबांना त्यात काही परकं वाटलंच नाही.

---

कास्तकार७२ | ३० सप्टेंबर, दुपारी १:३०

राग मानू नका, पण त्या पैशात बोअर झाली असती. धानाला भाव काय हाय ते तुमाले माईत हाय.

---

बांधीवाला | ३० सप्टेंबर, रात्री ९:२०

राग कशाचा, बरोबर प्रश्न आहे. चौघांचा मिळून खर्च दोन लाख तीस हजार झाला. २०२५-२६ चा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये. म्हणजे जवळपास ९७ क्विंटल धान. हा हिशोब मी स्वतः जायच्या आधी कागदावर मांडला होता आणि दोन रात्री झोपलो नाही. पैसा शेतीतला नाही, मिलच्या कमाईतून चार वर्षं वेगळा ठेवलेला. बाबांनी आयुष्यात नागपूर आणि पंढरपूर एवढंच पाहिलं होतं. त्यांचे गुडघे अजून चालतात तोवर न्यायचं होतं. बोअर दोन वर्षांनी होईल.

तिथे गेल्यावर खर्च फार नाही. साधारण तीनशे डोंगला आपला एक रुपया, त्यामुळे खिशात लाखाच्या नोटा असतात आणि पहिल्या दिवशी छाती दडपते. फुटपाथवर लहान लहान प्लास्टिकच्या स्टुलावर बसून दीडशे-दोनशे रुपयांत भरपेट होतं.

---

वऱ्हाडी_माय | १ ऑक्टोबर, सकाळी ११:००

मी यवतमाळ जिल्ह्यातली. माझी मुलगी जॉर्जियात तिबिलिसीला डॉक्टरकी शिकते, म्हणून मागच्या वर्षी महिनाभर राहून आले. 'चाय'चं वाचून लिहावंसं वाटलं, कारण तिकडेही असाच एक शब्द माझ्या कामी आला. 'सामार्खवो'. तिथल्या ख्रिस्ती लोकांत उपासाचे दिवस फार, बुधवार-शुक्रवार आणि ईस्टरच्या आधीचे कितीतरी आठवडे. त्या दिवसांत मांस, अंडं, दूध, लोणी काहीच नाही. खानावळीत 'सामार्खवो' विचारलं की उपासाचं काय आहे ते काढून देतात.

मातीच्या गाडग्यात शिजवलेला राजमा, त्याला 'लोबियो' म्हणतात, सोबत मक्याची जाड भाकर 'म्चादी' आणि लोणचं. वांग्याच्या तळलेल्या कापात अक्रोड-लसणाचं वाटण भरलेलं. वांगं तिकडे खाल्लं तेव्हा मला आमच्या भरताची आठवण आली आणि डोळे भरून आले, कारण महिनाभर लेकीच्या ताटात मी काय वाढू हा घोर होता.

आणि ऐका, तिकडे पावाला 'पुरी' म्हणतात! गल्लीच्या तोंडाशी जमिनीत मातीची खोल भट्टी, 'तोने'. बेकर कमरेतून आत वाकून लांबुळकी पुरी भट्टीच्या भिंतीवर थापतो आणि थोड्या वेळानं लोखंडी आकड्यानं ओढून काढतो. आपल्या नागपूरकडच्या बाया उलट्या मडक्यावर लांब रोटी टाकतात, ते हातावरचं कसब आणि हे कसब सारखंच. मी रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहायचे. चौथ्या दिवशी त्यांनी मला न मागता कडेची, जास्त भाजलेली पुरी दिली. मला तशीच आवडते हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

द्राक्षाची दारू जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणात आंबवतात, 'क्वेव्री' म्हणतात. युनेस्कोनं २०१३ मध्ये ती रीत वारसा म्हणून नोंदवली आहे. मी घेत नाही, पण रांजण बघायला मुद्दाम एका गावी गेले. वर फक्त तोंड दिसतं, बाकी सगळं मातीत, पेवासारखं.

---

बांधीवाला | १ ऑक्टोबर, रात्री १०:१५

ताई, फार सुंदर लिहिलंत. पेवासारखं म्हटलंत आणि चित्र डोळ्यासमोर उभं राहिलं.

आता बाबांच्या जेवणाबद्दल. हनोईत 'चा का' नावाचा एक पदार्थ आहे आणि त्याच्याच नावाचा रस्ता. टेबलावर शेगडी ठेवतात, तिच्यावर तवा, तव्यात तेल आणि हळदीत मुरवलेल्या माशाचे तुकडे. बिनखवल्यांचा मासा, काटे कमी. तुकडे तडतडायला लागले की त्यावर मूठमूठ शेपू आणि कांद्याची पात. शेपू! बाबांनी माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे शेपू मुगाच्या डाळीत, नाहीतर भाकरीसोबत परतून. माशात कोणी घालत नाही. शेपू नरम पडला की तांदळाच्या शेवयांवर घ्यायचा, वर भाजलेले शेंगदाणे. सोबत झिंग्यांचं जांभळट आंबवण येतं, वासाला अगदी आपल्या सुक्या झिंग्यांसारखं. बायकोनं नाक दाबलं, बाबांनी वाटी ओढून घेतली. आल्यावर आठ दिवसांत बाबांनी घरी शेपू घालून मासोळी दोनदा करायला लावली आहे.

मिलवाला म्हणून एक गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडली. कणी. धान भरडताना जो तांदूळ मोडतो ती कणी, आम्ही कनकी म्हणतो, ती वेगळी काढून पडत्या भावात विकतो. तिकडे 'कम ताम' म्हणजे मोडक्या तांदळाचा भात हे खास जेवण आहे. मूळ दक्षिणेतलं, सायगावकडचं, गरीब शेतकऱ्यांचं. आता मोठ्या हॉटेलातही मिळतं आणि लोक मागून खातात. शितं बारीक, रवाळ, वाफेवर शिजवलेली, रस्सा चटकन शोषून घेतात. मी ताटातला भात बोटावर घेऊन पाहिला, आपल्याच मिलमधली कणी. वर्षानुवर्षं मी तिच्याकडे नुकसान म्हणूनच पाहिलं आहे.

---

इंद्रावतीकाठ | २ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

जोहार. 'प्यायलेलं' असं शीर्षकात आहे, त्यावर अजून कोणी बोललं नाही.

मी २०१९ मध्ये तिथल्या मध्य पठारावर गेलो होतो, एदे, बा ना, जराय अशा आदिवासींच्या भागात. बा ना, जराय गावांच्या मधोमध उंच गवती छपराचं सामाईक घर असतं, 'न्या रोंग'. मी भामरागडकडचा, मला गोटुलच आठवला. पाहुणा आला की मातीच्या बुधलीत पानां-मुळ्यांच्या खमिरानं आंबवलेला भात किंवा कंद असतो, त्यावर पाणी ओततात आणि बुधलीभोवती बसून लांब नळ्यांनी पितात. नाव 'रुओऊ कान'. आधी यजमान पितो, मग पाहुणा. मोहाची पहिली धार देवाला देतात तशीच पहिल्यांदा तिथेही देवा-पितरांची आठवण काढली. घाई केली तर ते मनाला लावून घेतात.

आणि तिथल्या जराय लोकांत पिवळ्या मुंग्यांचं मीठ आहे. झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्या भाजून, मिरची-मिठाबरोबर कुटतात, वाळवलेल्या मांसाला लावून खातात. आमच्या माडिया घरात लाल मुंग्यांची चटणी करतात, तीच आंबट चव. मी त्यांना खुणेनं सांगितलं की आमच्याकडेही हे आहे, तर एका म्हातारीनं माझा हात धरून मला चुलीपाशी नेलं आणि कुटायला बसवलं. आमच्या चटणीची इकडे शहरातली माणसं चेष्टा करतात. तिथे कोणी केली नाही.

---

बांधीवाला | २ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा. दादा, तुमच्या पोस्टसाठी मनापासून आभार. आम्ही पठारावर गेलो नाही, पुढच्या वेळी जाणारच.

पिण्याबद्दल आमचं एवढंच. 'बिया होई' म्हणजे रोजच्या रोज पिंपातून विकली जाणारी ताजी, हलकी बिअर. कोपऱ्याकोपऱ्यावर संध्याकाळी माणसं तिच्याभोवती बसलेली असतात. मी एक पेला घेतला, चव सौम्य. बाबांना उसाचा रस जास्त आवडला. लहान संत्र्यासारखं आंबट फळ उसाच्या कांडीसोबतच चरकात घालतात, साल-बिया सगळं. रसाला कडवट-आंबट कड येते. हे आपल्याकडे रसवंतीवर कोणीतरी करून पाहावं.

कॉफीसाठी मात्र वेळ काढा. हा देश कॉफी पिकवण्यात ब्राझीलनंतर दुसरा, बहुतेक रोबस्टा, कडक. पेल्यावर भोकाची छोटी स्टीलची गाळणी ठेवतात, 'फिन' म्हणतात, आणि खाली घट्ट गोड दूध. थेंब थेंब पडत राहतं, आपण बघत बसायचं. बाबांनी घड्याळ लावलं, सात मिनिटं. हनोईत अंड्याची कॉफीही आहे. १९४६ च्या सुमारास दुधाची टंचाई असताना एका हॉटेलातल्या माणसानं दुधाऐवजी अंड्याचा बलक साखरेत फेटून घातला, तिथून सुरू झाली. बायकोनं घेतली, वरचा थर श्रीखंडासारखा घट्ट. आईनं नारळाच्या दुधातली.

---

स्तूपाच्या_गावचा | २ ऑक्टोबर, रात्री ११:४०

जय भीम. मी पवनीचा. आजच दीक्षाभूमीवर जाऊन परतलो. हनोईतल्या एका पॅगोड्यात बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी लावलेली आहे असं वाचलं होतं. तुम्ही गेला होतात का?

---

बांधीवाला | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:००

जय भीम दादा. गेलो होतो, आणि त्याच दिवसाबद्दल लिहायचं राहिलं होतं.

त्रान क्वोक पॅगोडा, पश्चिम सरोवराच्या काठी, मूळचा सहाव्या शतकातला. अंगणातला बोधिवृक्ष १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भेट दिलेल्या रोपाचा. आता चांगला डेरेदार झाला आहे. आई त्याच्या पारावर टेकली आणि पिंपळाचं एक गळलेलं पान तिनं पिशवीत ठेवलं.

आम्ही हनोईत उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ सप्टेंबरला, त्यांचा 'वू लान' होता. सातव्या चांद्रमासाची पौर्णिमा, आईवडिलांची आणि गेलेल्या माणसांची आठवण काढायचा दिवस. आमची भाद्रपद पौर्णिमा दुसऱ्या दिवशी आणि लगेच पितृपक्ष. हे आम्ही ठरवून केलेलं नव्हतं. 'हांग मा' नावाच्या रस्त्यावर कागदाचे कपडे, कागदाचे पैसे, कागदाची स्कूटरसुद्धा विकायला होती. घरासमोर, फुटपाथवर, पत्र्याच्या डब्यात ते सगळं पितरांसाठी जाळत होते. आईला काही समजावून सांगावं लागलं नाही.

पॅगोड्याच्या दारात एका टेबलावर गुलाब ठेवले होते, लाल आणि पांढरे. एक तरुण मुलगी येणाऱ्याच्या छातीवर फूल टाचत होती. आई जिवंत असेल तर लाल, नसेल तर पांढरं. तिनं माझ्याकडे बघितलं, शेजारी आईकडे बघितलं आणि न विचारता मला लाल लावलं. मग आईकडे वळून खुणेनं विचारलं. आईला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं पांढऱ्याकडे बोट दाखवलं. माझी आजी जाऊन एकतीस वर्षं झाली. आई एवढंच म्हणाली, "इतक्या दूर येऊन मायची आठवन काढली कोनी." दिवसभर ते फूल तिनं काढलं नाही. त्या दिवशी बहुतेक खानावळींत 'चाय' मिळत होतं, आई सगळीकडे बेधडक जेवली. दुसऱ्या दिवशी ग्रहण होतं म्हणून दुपारनंतर तिनं काही खाल्लं नाही, त्याचंही हॉटेलातल्या कोणाला नवल वाटलं नाही.

---

वैनगंगाकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री ९:१०

भाऊ, गुलाबाचं आईला वाचून दाखवलं. ती गप्प झाली. आमचं पक्कं झालं, जातो आहोत. बघायचं काय काय, तेही सांगा.

---

बांधीवाला | ६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

हा लाँगची खाडी पाहिली, १९९४ पासून जागतिक वारसा. सुंदर आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यावर जास्त लिहीत नाही. निन्ह बिन्हला पाण्यातून वर आलेले चुनखडीचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्यातल्या गुहांतून नाव जाते. ताम कोकला नावाडी पायानं वल्हं मारतात, पाठ टेकून, अगदी निवांत. पिकलेला धान बघायचा असेल तर तिथे मे अखेर ते जून.

हनोईत पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ चुकवू नका. बाबांचे पाय तिथून निघेनात. तांबड्या नदीच्या खोऱ्यात, पाणी भरलेल्या धानाच्या शेतात हजारेक वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी सुरू केलेला खेळ आहे हा. रंगमंच म्हणजे पाण्याचं कुंड. बांबूच्या पडद्यामागे कलावंत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून लांब दांड्यांनी लाकडी बाहुल्या नाचवतात. एका प्रवेशात बाहुल्या रोवणी करतात, एकात बदकं राखतात, एकात कासव राजाकडून तलवार परत घेतं. रोवणीच्या प्रवेशात बाबा हळूच म्हणाले, "ओळ वाकडी गेली पाय." आपली झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याची) नाटकंही धान घरात आल्यावरच सुरू होतात. धानवाल्यांच्या हातात सवड कधी येते ते दोन्हीकडे सारखंच. आमच्या नाटकांचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा गावात फटाके फुटले होते. तिकडे या खेळाला रोज चार-पाच प्रयोग आणि खचाखच गर्दी, तिकीट साधारण पाचशे रुपये. आमच्या दंडारीला, म्हणजे गावच्या लोकनाट्याला, असं एखादं कायमचं घर मिळालं तर किती बरं होईल असं वाटत राहिलं.

मध्य भागात होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर 'मी सोन'. तिथल्या जुन्या चंपा राज्यातल्या राजांची शिवमंदिरं, चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंतची. शिवाचं तिथलं नाव भद्रेश्वर. लाल विटा इतक्या घट्ट बसवलेल्या की मध्ये चुना दिसत नाही. १९६९ च्या बॉम्बहल्ल्यात सगळ्यात मोठं मंदिर पडलं, त्याचे खड्डे अजून दिसतात. आपलं पुरातत्त्व खातं तिथे दुरुस्तीचं काम करतं, आणि २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं एकसंध शिवलिंग मातीतून निघालं. मला आमचं वैनगंगेकाठचं मार्कंड्याचं शिवमंदिर आठवत होतं. बेल नव्हता. आईनं वाटेत तोडलेली दोन रानफुलं एका पडक्या दाराशी ठेवली. पहाटे लवकर जा, नऊनंतर ऊन सोसवत नाही.

---

मिरचीवाला | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

कनकीचं वाचलं तवापासून डोक्यात बसलं हाय. घरी केली वाफेवर. झुणक्यासोबत लय बेस लागली.

---

बांधीवाला | १४ ऑक्टोबर, रात्री ८:५०

मंडळी, एक गोष्ट राहिली होती, ती आता करून पाहूनच लिहितो.

हनोईत शरदात 'कोम' मिळतं. चिकट जातीचा धान दुधातून नुकता घट्ट व्हायला लागला की कापतात, मंद आचेवर भाजतात, उखळात कांडतात, पाखडतात, पुन्हा कांडतात. शेवटी हिरवेगार, चपटे, मऊ दाणे. कमळाच्या पानात गुंडाळून, धानाच्या काडीनं बांधून विकायला आणतात. हुरडा आणि पोहे यांच्या मधलं काहीतरी. आईनं पुडी उघडून वास घेतला आणि विकणाऱ्या बाईजवळ बसून अर्धा तास तिचे हात बघितले. भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती.

परवा आमच्या हलक्या धानाच्या लोंब्या दाबून पाहिल्या, दूध घट्ट झालं होतं. आईनं पहाटे दव असतानाच दोन पेंढ्या कापायला लावल्या. हातानं झोडल्या, लोखंडी कढईत चुलीवर भाजल्या. आच जरा जास्त झाली तेव्हा पहिला घाणा फुटून लाह्यांसारखा झाला. दुसऱ्याला विस्तव मागे ओढला. उखळ माळ्यावर पडलं होतं, ते काढून धुतलं. तीनदा कांडलं, तीनदा पाखडलं. रंग हिरवा आला, वास अगदी तोच. पण दाणा चिकट जातीचा नाही, म्हणून तिकडच्यासारखा एकमेकाला धरत नाही, सुटा राहतो. शेजारच्या तलावातून कमळाचं पान आणलं, त्यात थोडा गूळ आणि ओलं खोबरं घालून आईनं बांधून ठेवलं. संध्याकाळपर्यंत शेजारची चार पोरं येऊन पान चाटूनपुसून गेली.

चिन्नोर जातीच्या धानाची एक बांधी मागास आहे, अजून दहा-बारा दिवस लागतील. त्याचा दाणा मऊ असतो. त्यावर पुन्हा करतो आणि इथे फोटो टाकतो.